‘कमाल ८ जीबी’ म्हणजे नेमकं किती?

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते: ‘कमाल मेमरी ८ जीबी’. इतक्या ठामपणे छापलेली असते की काळ्या दगडावरची रेघच वाटावी. आता २०११ सालचा मॅकबुक प्रो घ्या. ॲपलच्या कागदावर त्याची मर्यादा ८ जीबी. पण रॅमच्या, म्हणजे याच मेमरीच्या, ८-८ जीबीच्या दोन स्टिक (चिपा बसवलेल्या पट्ट्या) टाकल्या की तोच लॅपटॉप निमूटपणे १६ जीबी दाखवतो आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स२२०चंही तसंच: छापील ८, चालते १६.

हे सगळं वाचून माझ्याही अंगात आलं. माझ्याकडे तेव्हा इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप होता. रॅमसाठी एकच स्लॉट, कागदावर कमाल ८ जीबी. मी १६ जीबीची स्टिक आणली, मागचं झाकण काढलं, स्टिक तिरकी घुसवून खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक् करून बसल्या. बटण दाबलं. पंखा दोन सेकंद फिरला, थांबला, परत फिरला, परत थांबला. पडदा काळाकुट्ट. स्टिकच खराब असणार म्हणून बदलून आणली, तर दुसरीनेही तोच खेळ केला. जुनी ८ जीबीची परत घातली तेव्हा कुठे लॅपटॉप शुद्धीवर आला.

म्हणजे छापील मर्यादा कधी नुसती कागदावरच असते आणि कधी शंभर टक्के खरी. कुठली कधी, हे ओळखायचं तर ‘८ जीबी’ हा आकडा कुणी ठरवला तिथपर्यंत जावं लागतं. कारण तो एकट्या कोणाचा नसतो.

पहिला हात लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा. मॉडेल बाजारात आणण्याआधी कंपनी त्यात रॅम घालून तपासते. पण तपासणार काय? त्या दिवशी बाजारात जी सगळ्यात मोठी स्टिक मिळते ती. तेव्हा ४ जीबीच्या पुढची स्टिक मिळत नसेल किंवा अव्वाच्या सव्वा महाग असेल, तर दोन स्लॉटमध्ये ४-४ घालून बघितलं, चाललं, ‘कमाल ८’ लिहिलं, विषय संपला. वर्षभराने ८ जीबीची स्टिक बाजारात आली तरी जुन्या मॉडेलचा कागद कोण उघडून दुरुस्त करणार? तोवर कंपनीचं सगळं लक्ष पुढच्या मॉडेलवर गेलेलं असतं. त्यामुळे हा आकडा मी ‘आम्ही इथपर्यंत तपासलंय’ असा वाचतो. ‘यापुढे चालणारच नाही’ असं त्यात कुणी म्हटलेलं नसतं.

थिंकपॅड टी४८०मध्ये हे तारखांसकट दिसतं. तो २०१८च्या सुरुवातीला आला. कागदावर ३२ जीबी, म्हणजे १६-१६च्या दोन स्टिक. लॅपटॉपसाठीची ३२ जीबीची डीडीआर४ (रॅमची चौथी पिढी) स्टिक सॅमसंगने जाहीर केली ती त्याच वर्षी मे महिन्यात. जी वस्तू जन्मालाच आलेली नव्हती ती तपासणार कशी? पुढे लोकांनी त्यात दोन-दोन ३२च्या स्टिक घातल्या आणि ६४ जीबी बिनबोभाट चालली.

मग माझ्या लॅपटॉपचं घोडं कुठे पेंड खात होतं? त्यासाठी स्टिकवरच्या काळ्या चौकोनी चिपांकडे नीट बघायला हवं. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये माहिती जाण्या-येण्याचा रस्ता ६४ पदरी असतो, म्हणजे एका वेळी ६४ बिट. स्टिकवरची नेहमीची चिप एका वेळी ८ बिट देते. त्यामुळे ६४ बिट भरायला ८ चिपा लागतात. अशा ८ चिपांच्या संचाला रँक म्हणतात. लॅपटॉपच्या साध्या स्टिकवर फार तर दोन रँक असतात, म्हणजे एकूण १६ चिपा. जागा असली तरी तिसरी रँक जोडता येत नाही, कारण स्लॉटमध्ये रँक निवडायच्या तारा दोनच असतात. तेव्हा स्टिक मोठी करायची तर एकच वाट उरते: प्रत्येक चिप मोठी करायची.

चिपेचं माप गिगाबिटमध्ये असतं आणि ८ बिटांचा एक बाइट. १६ चिपा गुणिले चिपेचं माप, भागिले ८. म्हणजे चिपेचं माप दुप्पट करा, की सगळ्यात मोठ्या स्टिकचं माप हातात येतं. ४ गिगाबिटची चिप असेल तर मोठ्यात मोठी स्टिक ८ जीबीची. ८ गिगाबिट असेल तर १६ जीबी. १६ गिगाबिटला ३२. डीडीआर५मध्ये मध्येच ४८ जीबीच्या विचित्र मापाच्या स्टिक का दिसू लागल्या, हेही यातून कळतं: २४ गिगाबिटच्या चिपा आल्या म्हणून.

आता चिपेच्या पोटात शिरू. आत एक अवाढव्य चौकटीची वही आहे असं समजा. डीडीआर३मध्ये या वहीचे ८ भाग, त्यांना बँक म्हणतात. डीडीआर३च्या ४ गिगाबिट चिपेत प्रत्येक बँकेत ६५,५३६ आडव्या ओळी आणि १,०२४ उभे रकाने. ओळ आणि रकाना जिथे छेदतात तिथे ८ बिट ठेवलेले. गुणाकार करून बघा: ६५,५३६ गुणिले १,०२४ गुणिले ८ बँका म्हणजे ५३,६८,७०,९१२ घरं. प्रत्येक घरात ८ बिट, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ बिट. झाले ४ गिगाबिट. हा शेवटचा आकडा लक्षात असू द्या, पुढे एका वेगळ्याच वेशात परत भेटणार आहे.

८ गिगाबिटची चिप बनवताना बँका तेवढ्याच राहिल्या, ओळीही तेवढ्याच, फक्त रकाने १,०२४ चे २,०४८ झाले. १,०२४ रकान्यांपैकी नेमका एक सांगायला १० बिट पुरतात, २,०४८ साठी ११ लागतात. इथेच गोम आहे. कुठल्या ओळीतलं कुठलं घर हवंय, हे चिपेला सांगणारा कारकून म्हणजे मेमरी कंट्रोलर. हल्ली तो प्रोसेसरच्या आतच बसलेला असतो. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या, म्हणजे हॅसवेलपर्यंतच्या लॅपटॉप प्रोसेसरांमधल्या डीडीआर३च्या कारकुनाला तो अकरावा बिट बोलताच येत नाही. त्याला ४ गिगाबिटपर्यंतचीच वही वाचता येते. पाचव्या पिढीतल्या, म्हणजे ब्रॉडवेलमधल्या कारकुनाला अकरावा बिट येतो.

म्हणूनच थिंकपॅड एक्स२४० आणि एक्स२५० ही जोडी मला फार आवडते. दिसायला जवळजवळ जुळी भावंडं, दोघांत रॅमचा एकेकच स्लॉट, दोघांना डीडीआर३एलच (डीडीआर३चा कमी व्होल्टेजचा प्रकार) लागते. १६ जीबीची स्टिक एक्स२५०मध्ये घाला, चालते. एक्स२४०मध्ये घाला, काळा पडदा. फरक फक्त आतल्या प्रोसेसरच्या पिढीचा. माझा लॅपटॉप होता चौथ्या पिढीचा, मी कितीही स्टिका बदलून आणल्या असत्या तरी फरक पडला नसता.

मॅकबुक प्रो आणि एक्स२२० मात्र का निभावले? तेही दुसऱ्या पिढीचेच, म्हणजे माझ्याहून जुने. पण त्यांच्यात स्लॉट दोन. प्रत्येकात ४ गिगाबिटच्या चिपांची ८ जीबीची स्टिक बसली आणि ती वही कारकुनाच्या आवाक्यातली होती. त्यामुळे ‘माझा लॅपटॉप किती जीबी घेईल’ याआधी ‘माझा कंट्रोलर किती गिगाबिटची चिप वाचतो आणि मला स्लॉट किती’ हे विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून आपोआप निघतं.

कारकुनाची ही मर्यादा बघायला लोक इंटेलच्या संकेतस्थळावर प्रोसेसरचं पान उघडतात. तिथेही ‘कमाल मेमरी’ अशी ओळ असते आणि लॅपटॉपच्या कागदापेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो. पण डोळे मिटून नाही. तो आकडासुद्धा कुणीतरी त्या त्या वेळी तपासून लिहिलेलाच असतो. सेलेरॉन जे४१०५च्या पानावर ८ जीबी आहे, लोक १६ सर्रास वापरतात. एन१००च्या पानावर १६ आहे, त्यावर ३२ जीबीची एकच स्टिक लावलेली यंत्रं कितीतरी आहेत. डेस्कटॉपच्या तेराव्या पिढीत तर इंटेलने स्वतःच १२८ जीबीचा आकडा पुढे १९२ केला. प्रोसेसर तोच, त्यातला एक धागाही बदलला नाही. बाजारात ४८ जीबीच्या स्टिक आल्या, बायोसचे (यंत्र सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचे) अपडेट आले आणि छापील मर्यादा वर सरकली.

उलट उदाहरणंही आहेत. नेटबुकचा जमाना आठवत असेल तर ॲटम एन४५०ही आठवेल. त्याची २ जीबीची मर्यादा खरोखरची भिंत होती, तिथे भलेभले डोकं आपटून परतले.

त्याहून जुनी भिंत ४ जीबीची. ३२ बिटांमध्ये जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पत्ते लिहिता येतात, म्हणजे तितके बाइट, म्हणजे ४ जीबी. (मघाचा आकडा! तिथे बिट मोजत होतो, इथे पत्ते.) त्यातले काही पत्ते ग्राफिक्स आणि इतर उपकरणांना राखून ठेवावे लागतात. म्हणून इंटेलच्या ९४५ चिपसेटवरच्या (प्रोसेसरला रॅमशी आणि इतर भागांशी जोडणारा चिपांचा संच) थिंकपॅड टी६०सारख्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी घातली तरी साधारण ३ जीबीच हाताला लागते. उरलेली स्टिकवर असते, पण तिला पत्ताच नसतो. ३२ बिटचं विंडोज असलं की हाच प्रकार नव्या यंत्रावरही होतो. विंडोजच्या आवृत्त्यांच्या स्वतःच्या मर्यादा आणखी वेगळ्या: ६४ बिटचं विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीपर्यंत, होम प्रीमियम १६पर्यंत. विंडोज १० होमची मर्यादा १२८ जीबी आहे, त्यामुळे आता हा प्रश्न सहसा येत नाही. तरी जुन्या लॅपटॉपला जुनंच विंडोज असेल तर आधी तेवढं बघून घ्या. नाहीतर स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतल्यावर कळायचं की अडचण सॉफ्टवेअरची होती.

या सगळ्यांच्या मध्ये बायोस असतो. प्रत्येक स्टिकवर एक बारकी चिप असते, तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते: माप किती, रँक किती, ओळी-रकाने किती, वेग काय, व्होल्टेज काय. यंत्र सुरू होताच बायोस ती कुंडली वाचतो, कंट्रोलरला समजावतो आणि मग तारांवरच्या वेळा जुळवून बघतो. जुन्या बायोसला नव्या मापाची कुंडली वाचता आली नाही तर कंट्रोलर समर्थ असूनही गाडी तिथेच अडते. म्हणून माझा एक हट्ट असतो: बायोसचा अपडेट जुनी रॅम आत असतानाच करून घ्यायचा. काळा पडदा आल्यावर अपडेट करणार कसा?

इथे एक गफलत फार लोक करतात. विंडोजला किंवा लिनक्सवरच्या डीएमआयडीकोड या आज्ञेला ‘या बोर्डाची कमाल मेमरी किती’ असं विचारता येतं. विंडोज उत्तर किलोबाइटमध्ये देतं, समजा १,६७,७७,२१६. त्याला १,०२४ने दोनदा भागलं की १६ जीबी. उत्तर इतकं तंतोतंत दिसतं की वाटतं, यंत्राने आत जाऊन मोजलं असणार. मोजलेलं काही नसतं. बोर्ड बनवणाऱ्याने बायोसमधल्या एका तक्त्यात जो आकडा टाईप केला तोच वाचून दाखवलेला असतो. म्हणजे माहितीपत्रकाचीच नक्कल, आणि कधीकधी तीही दुसऱ्याच मॉडेलवरून उचललेली. त्याच तक्त्यातून स्लॉट किती ते मात्र बघावं, आणि तेही झाकण उघडून पडताळावं.

झाकण उघडल्यावर स्लॉटच दिसला नाही तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. पातळ लॅपटॉपांत रॅमच्या चिपा थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या असतात. ॲपलने २००८च्या मॅकबुक एअरमध्येच हे केलं होतं, २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही केलं आणि आता ते सगळीकडे बोकाळलंय. तिथली मर्यादा विकत घेतलेल्या दिवशीच ठरते. काही लॅपटॉपांत अर्धी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट मोकळा असतो. बोर्डावर ८ आणि स्लॉटमध्ये ३२ घालून ४० जीबी अशी विषम बेरीज तिथे चालते. फक्त प्रोसेसरपासून बोर्डावरच्या रॅमकडे एक आणि स्लॉटकडे एक असे दोन मार्ग असतात, त्यामुळे पहिल्या ८ अधिक ८ जीबीला दोन्ही मार्गांचा वेग मिळतो, उरलेल्या २४ला एकाच मार्गाचा. रोजच्या कामात हे जाणवत नाही, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेम खेळत असाल तर जाणवू शकतं.

स्टिक घेताना पिढी चुकायची भीती नाही. डीडीआर३ला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२, आणि खाचही वेगळ्या जागी, त्यामुळे चुकीची स्टिक बसतच नाही. फसवते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल ही जोडी. दोन्ही त्याच खाचेत बसतात, पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात आणि दुसरी १.३५वर चालते. चौथ्या पिढीपासूनच्या बहुतेक लॅपटॉपांना १.३५चीच हवी असते. कपाटात पडलेली जुनी स्टिक घालून ‘लॅपटॉपच घेत नाही’ असं जाहीर करण्याआधी तिच्यावरचं लेबल वाचा.

आणि विकत घेताना एकच अट ठेवा: चालली नाही तर परत घेणारा दुकानदार. मर्यादेपलीकडे जाताना हमी कुणीच देत नाही, तेव्हा परतीची मुदत हीच आपली हमी. मी हे बोलतोय कारण माझी मुदत स्टिका बदलून आणण्यातच संपली होती.

बसवण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. चार्जर काढा, आतली बॅटरी बोर्डावरून सुटी करा, धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, स्टिक कडेने धरा. पहिल्यांदा बटण दाबल्यावर घाई करू नका. रॅम बदलली की बायोस वेळा नव्याने जुळवतो, आणि डीडीआर५मध्ये तेवढ्यात काही मिनिटं पडदा काळाच राहू शकतो. मी माणसं बघितलीत, अर्ध्या मिनिटात घाबरून बटण दाबून धरतात आणि बिचाऱ्याला पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात. चहा करून या. पंखा सारखा चालू-बंद होतोय किंवा बीप-बीप ऐकू येतंय, तर मात्र उत्तर ‘नाही’ असं आहे. दोन स्लॉट असतील तर तरीही एक-एक स्टिक एकेका स्लॉटमध्ये घालून बघावी, म्हणजे स्टिक वाईट की बेरीज जड हे कळतं. कधीकधी लॅपटॉप सुरू होतो पण रॅम निम्मीच दिसते. कारकुनाने वहीची अर्धीच पानं वाचली, असं समजायचं.

पूर्ण आकडा दिसला म्हणजे गंगेत घोडं न्हालं असंही नाही. दिसणं वेगळं, टिकणं वेगळं. मेमटेस्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. तो प्रत्येक घरात आकडे लिहितो, परत वाचतो आणि जुळतात का बघतो. सकाळी चुका शून्य असल्या पाहिजेत. ‘एकच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ती एक चूक उद्या तुमच्या एखाद्या फाइलमध्ये जाऊन बसेल आणि महिन्याभराने सापडेल. त्यानंतर लॅपटॉप झोपवून उठवून बघा, आठ-दहा वेळा. काठावर चालणारी रॅम अनेकदा झोपेतून उठतानाच अडखळते. झोपेत बॅटरी किंचित जास्त उतरेल, कारण चिपांमधली माहिती विरून जाऊ नये म्हणून प्रत्येक घर दर ६४ मिलीसेकंदांनी, किंवा त्याहूनही लवकर, ताजं करत राहावं लागतं, आणि आता घरंच दुप्पट झालीत.

हा खटाटोप करायचा की नाही, हे विंडोजमधला टास्क मॅनेजर सांगेल. नेहमीची सगळी कामं उघडी ठेवून मेमरीचा आलेख बघा. ८पैकी ५ जीबीच वापरात असेल तर १६ घालून लॅपटॉप जराही जास्त वेगाने पळणार नाही. त्यात अजून हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी घालणं हा मंदपणावरचा जास्त चांगला उपाय.

माझी ती १६ जीबीची स्टिक दोन-तीन महिने ड्रॉवरमध्ये पडून होती. मग एका मैत्रिणीचा लॅपटॉप साफ करायला माझ्याकडे आला. पाचव्या पिढीचा प्रोसेसर, एकच स्लॉट, माहितीपत्रकात कमाल ८ जीबी. मी काही न बोलता बायोस अपडेट केला, स्टिक बदलली आणि बटण दाबलं. पडदा चार-पाच सेकंद काळा राहिला, मग उजळला. रात्रभरच्या मेमटेस्टमध्ये चुका शून्य. तिने लॅपटॉप नेला तेव्हा एवढंच विचारलं, ‘साफ केल्यावर इतका फरक पडतो?’